स्मूदी बाऊल (बेळगाव सीमाभागातली घरगुती पद्धत)

गोठवलेली फळं अगदी थोड्या दुधात, दह्यात किंवा नारळाच्या दुधात वाटून केलेला, चमच्याने खायचा घट्ट गारेगार गर म्हणजे स्मूदी बाऊल. पेल्यात ओतून पितात ती स्मूदी. तीच पुरेशी घट्ट करून वाडग्यात घेतली आणि वर फळांचे काप, काजू, लाह्या पसरल्या की तिला बाऊल म्हणतात. मात्र फरक केवळ भांड्याचा नाही. मधोमध चमचा रोवला तर तो कलंडता कामा नये, आणि वर ठेवलेला डाळिंबाचा दाणा बुडता कामा नये. बर्फ आणि साखर घालून मिक्सरमधून काढलेलं पातळ मिल्कशेक वाडग्यात ओतलं, तर त्याला हे नाव देऊ नये.

पदार्थाचं मूळ ब्राझीलमध्ये आहे. अमेझॉन खोऱ्यातल्या पारा राज्यात असाई या ताडवर्गीय झाडाला गडद जांभळी, बोराहून लहान फळं लागतात. तिथले लोक त्यांचा गर साखर न घालता, कसाव्याच्या पिठाबरोबर आणि माशांबरोबर जेवणात खातात (कसावा म्हणजे आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो). हा गर काढल्यावर लवकर नासतो, म्हणून दूरच्या शहरांत तो गोठवूनच जातो. रिओ दि जानेरोमध्ये तो गोठलेलाच वाटून, गोड करून, केळ्याचे काप आणि भाजलेलं धान्य घालून खायची चाल पडली. 'असाई ना तिझेला', म्हणजे वाडग्यातली असाई, हे त्याचं तिथलं नाव. पुढे हवाई आणि कॅलिफोर्नियामार्गे तो जगभर पोचला आणि असाई नसली तरी चालेल अशी त्याची रूपं निघाली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या घरांना ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. मराठी घरात केळं कुस्करून दुधात घातलं की शिकरण होते. शेजारच्या कन्नड घरात उन्हाळ्यात आंब्याच्या रसाची 'सीकरणी' होते. शब्द जवळपास एकच, फळ वेगळं, आणि दोन्हींबरोबर चपाती किंवा पुरी ठरलेली. किनाऱ्याकडच्या घरांत केळं, नारळाचं दूध आणि गूळ यांचं रसायन करतात. स्मूदी बाऊल या तिघांच्याच कुळातला आहे. त्यात नवीन आहे ते एवढंच, की फळ आधी गोठवायचं आणि पातळ पदार्थ जवळजवळ वापरायचाच नाही.

फळांची निवड

पाया केळ्याचा. पिकलेल्या केळ्यात पेक्टिन (फळाला घट्टपणा देणारा घटक) आणि तंतू भरपूर, पाणी त्या मानाने कमी, आणि पिकताना स्टार्चची साखर झालेली असते. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे गोठलेलं केळं दगडासारखं होत नाही. वाटलं की ते आइस्क्रीमसारखं मऊ, चिकट येतं. साल पिवळी पण तिच्यावर तपकिरी ठिपके आलेले, अशा अवस्थेतलं केळं सगळ्यांत चांगलं. हिरवट केळ्याचा गर तुरट लागतो, त्यात वरून साखर घालून उपयोग होत नाही. बाजारात लांब, एकसारखी केळी सहज मिळतात आणि त्यांनी काम भागतं. पण फणी उचलताना जवारी केळी दिसली तर तीच घ्यावीत. जवारी म्हणजे गावठी, हा शब्द इथे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलींत चालतो. या केळ्यांचा वास गोठवल्यावरही टिकतो, आणि गार पदार्थाची चव जिभेला कमी लागते म्हणून वासाचं महत्त्व जास्त.

दुसरं फळ हंगामाप्रमाणे. कोकणातला हापूस घाट चढून आधी येतो, बेळगाव-धारवाड भागातला मागाहून, आणि मे महिन्यात दोन्ही बाजारात असतात. त्या पंधरवड्यात फोडी करून ठेवल्या की पुढे पावसाळाभर पुरतात. चिकू आणि सीताफळ यांचा गर मुळातच रवाळ आणि घट्ट, तो केळ्याशी छान मिळतो. कलिंगड, संत्रं, मोसंबी मात्र या कामाची नाहीत. त्यांत पाणीच पाणी, गोठवून वाटलं की बर्फाचा चुरा हाती येतो. द्राक्षं वाटू नयेत. अख्खीच गोठवून वर ठेवावीत, दाताखाली ती सरबताच्या गोळीसारखी फुटतात.

आणि जांभूळ. असाईची पाकिटं आणि भुकटी महाग पडतात, दुकानातून दूरवरची जांभळी भुकटी आणून हा पदार्थ करण्याची इथे काहीही गरज नाही. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतून पावसाच्या तोंडाला जांभळं येतात. असाईला जो गडद रंग आहे तो अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे, आणि जांभळाचा रंगही त्यांचाच. चव वेगळी आहे, जांभळात तुरटपणा जास्त, पण केळ्याचा गोडवा तो झाकून टाकतो. पिकलेली जांभळं धुऊन, हाताने चुरून बिया काढायच्या आणि सालीसकट गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा. दोन केळ्यांना असे तीन-चार तुकडे पुरे होतात. वाडग्यातला तो वांगी रंग एकदा पाहिला की परक्या भुकटीची आठवण राहत नाही.

अननस आणि पपई यांच्याबाबत एक सावधगिरी. अननसातलं ब्रोमेलेन आणि पपईतलं पपेन ही विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात, आणि थोड्याच वेळात गर कडवट लागू लागतो. गोठवल्याने विकरं मरत नाहीत. ही फळं नारळाच्या दुधात वाटावीत. दूध आणि आंबट फळं एकत्र खाऊ नयेत, असं आयुर्वेद मानणाऱ्या घरांतली वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांच्यासाठीही नारळाच्या दुधाचा मार्ग सोयीचा आहे.

गोठवणं

केळं सोलून साधारण 1 सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. अख्खं केळं गोठवलं तर घरच्या मिक्सरच्या पात्याला ते झेपत नाही. चकत्या ताटलीत एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडून आधी दोन-तीन तास गोठवाव्यात, मग डब्यात भराव्यात. एकदम डब्यात भरल्या तर सकाळी एकच ढेकूळ निघतं आणि ते सुरीने फोडावं लागतं. काप काळे पडू नयेत म्हणून लिंबाचे चार थेंब चोळतात. डीप फ्रीझरचं तापमान उणे 18 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, तिथे रात्रभरात काम होतं. एका दरवाजाच्या जुन्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा इतका थंड होत नाही, तिथे पूर्ण एक दिवस द्यावा आणि चकत्या आणखी पातळ कराव्यात. लाईट बराच वेळ गेली आणि फळं पाणी सोडू लागली, तर ती पुन्हा गोठवू नयेत. त्याच दिवशी त्यांची शिकरण करावी.

वाटणं

एका मोठ्या वाडग्यासाठी दोन मध्यम केळ्यांच्या गोठलेल्या चकत्या (सुमारे 200 ग्रॅम), 100 ग्रॅम आंब्याच्या गोठलेल्या फोडी, दोन चमचे चक्का आणि दोन ते तीन चमचे दूध हे माप घ्यावं. चक्का म्हणजे फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही. श्रीखंडासाठी तो घरोघरी होतोच, आणि त्यानेच सगळ्यांत चांगला घट्टपणा येतो.

खरी अडचण मिक्सरमध्ये येते. परदेशी कृतींमध्ये उंच भांड्याचा, दांड्याने फळं खाली ढकलता येणारा ब्लेंडर गृहीत धरलेला असतो. आपला मिक्सर चटणी आणि इडलीच्या पिठासाठी बनलेला आहे. त्यात मोठं भांडं घेऊ नये, चटणीचं छोटं भांडं घ्यावं, म्हणजे फळं पात्यापासून लांब पळत नाहीत. चकत्या फ्रीझरमधून काढून चार-पाच मिनिटं बाहेर ठेवाव्यात, कडा जरा ओलसर दिसल्या की भांड्यात घालाव्यात. दूध आधी तळाशी, फळं वर.

पहिले काही झटके खडखडाट होतो, गारा पत्र्यावर पडाव्यात तसा. मग आवाज अचानक हलका होतो आणि मिक्सर भरधाव फिरू लागतो. सगळं वाटून झालं असं वाटतं, पण झाकण उघडलं की दिसतं, पात्याभोवती पोकळी झाली आहे आणि चुरा भिंतीला चिकटून बसला आहे. नेमक्या याच क्षणी घाईने अर्धी वाटी दूध ओतलं जातं आणि बाऊलचं मिल्कशेक होतं. दूध ओतू नये. मिक्सर बंद करून चमच्याने भिंतीवरचा चुरा खाली दाबावा, पुन्हा दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत. असं पाच-सहा वेळा केलं की चुऱ्याची ओलसर वाळू होते, वाळूचा गोळा होतो, आणि मग एकाएकी तो गोळा सैल होऊन लोण्यासारखा गुळगुळीत वळू लागतो. तिथेच थांबावं. आणखी फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने तो पातळ होतो.

सलग फिरवल्याने मोटार तापते. बहुतेक मिक्सरांच्या बुडाशी लाल बटण असतं, भार जास्त झाला की ते बाहेर येऊन मिक्सर बंद पडतो. थोडा वेळ थंड होऊ देऊन ते आत दाबलं की तो पुन्हा सुरू होतो. करपल्यासारखा वास आला तर त्या दिवशी पुढे रेटू नये. भांड्याखालचं कपलर (पात्याला मोटारीशी जोडणारा तुकडा) झिजलेलं असेल तर गोठलेल्या फळांना ते हमखास तुटतं.

वाडगा आधीच फ्रीझरमध्ये ठेवलेला असावा, स्टीलचा असेल तर उत्तम.

वरचा थर

दुकानातल्या ग्रॅनोलाचं (ओट्स आणि सुकामेवा भाजून केलेल्या कुरकुरीत मिश्रणाचं) काम इथे चिरमुरे, राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले पातळ पोहे सहज करतात. चमचाभर तुपात थोडा गूळ विरघळवून त्यात पोहे आणि शेंगदाण्याची पाखं परतली आणि थंड केली, की कुरकुरीत थर तयार. खानापूर-चंदगडकडचे काजू, अथणीकडचे बेदाणे, भिजवलेला सब्जा, ओल्या खोबऱ्याचा कीस, यातलं घरात असेल ते घालावं. गरम काहीही घालू नये आणि थर अगदी खातानाच पसरावा, कारण चिरमुरे दोन मिनिटांत मऊ पडतात.

आहारमूल्य

साखर वरून घातली नाही तरी वर दिलेल्या मापात फळांचीच सुमारे 38 ग्रॅम साखर येते (100 ग्रॅम केळ्यात साधारण 12, आंब्यात 14). म्हणून मधुमेह असलेल्यांनी हा वाडगा पोटभरीचा करू नये. आंबा वगळून, केळं निम्मं करून, चक्का आणि जांभूळ वाढवून छोटी वाटी घ्यावी, तीही आपल्या डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांना न्याहारी म्हणून तो पुरतो. त्यावर पुन्हा मध किंवा चॉकलेट सिरप ओतण्याचं कारण नाही.

तयार बाऊल ठेवता येत नाही. पुन्हा गोठवला की खडा होतो. उरलाच तर कुल्फीच्या साच्यांत भरून काडी खोचावी. मुलं दुपारी तो तसाच संपवतात.