युएफाचं क्लब लायसन्स: अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि क्लब नेमके कुठे अडकतात

२०१४ साली पार्मा इटलीच्या लीगमध्ये सहावा आला आणि युरोपा लीगची जागा त्याने मैदानावर कमावली. तरीही युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) स्पर्धांसाठी लागणारं लायसन्स नाकारलं गेलं, कारण खेळाडूंना दिलेल्या पैशांवरचा सुमारे ३ लाख युरोंचा कर वेळेत भरलेला नव्हता. जागा सातव्या आलेल्या तोरिनोला गेली.

आर्थिक शिस्तीचे नियम म्हटले की लोकांना बड्या क्लबांचे कोट्यवधींचे दंड आठवतात. निकाल वाचताना मला जास्त हळहळ वाटते ती तारखेपाशी किंवा एका सहीपाशी अडलेल्या क्लबांची.

अर्ज कोणाकडे करायचा

चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग, कॉन्फरन्स लीग, यांपैकी कुठेही खेळायचं तर लायसन्स लागतं आणि ते दर हंगामाला नव्याने काढावं लागतं. अर्ज थेट युएफाकडे जात नाही. तो आपल्या देशाच्या फुटबॉल संघटनेकडे, काही देशांत लीगकडे द्यायचा. संघटना निर्णय घेते आणि ३१ मेपर्यंत युएफाला कळवते. कागद जमा करण्याची तारीख मात्र प्रत्येक संघटना स्वतः ठरवते, तेव्हा दुसऱ्या देशातल्या क्लबला विचारून तारीख लिहून घेऊ नका.

पात्रतेची एक अट उशिरा लक्षात येते. हंगाम सुरू होताना क्लबचं संघटनेतलं सदस्यत्व सलग ३ वर्षांचं हवं. बुडालेला क्लब बंद करून त्याच नावाने, त्याच जर्सीत नवी कंपनी काढली, तर ही ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. सवलत युएफाकडे मागता येते, पण ती हक्काची नाही.

स्टेडियम, मुख्य प्रशिक्षकाची पदविका, युवा संघ, महिला फुटबॉल, खेळाडूंची वैद्यकीय तपासणी या बाबी यादीप्रमाणे पुऱ्या करायच्या, त्यात फारसं गुंतागुंतीचं काही नाही.

कागदपत्रं

ऑडिट झालेले वार्षिक हिशेब लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुटतो तो ३१ डिसेंबरपर्यंतचा सहामाही हिशेब. ज्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं त्यांना तो वेगळा द्यावा लागतो आणि त्यावरही ऑडिटरचा अहवाल हवा. ऑडिटरने मत द्यायला नकार दिला किंवा प्रतिकूल मत दिलं, तर पुढचे कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही.

३१ डिसेंबरच्या ताळेबंदात क्लबची देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली, तर ती तूट आदल्या वर्षीपेक्षा किमान १० टक्क्यांनी कमी झालेली दाखवावी लागते. ते जमलं नाही तर ३१ मार्चपर्यंत भांडवल घालून, नवा ऑडिट झालेला ताळेबंद देण्याची सोय आहे. मालक ‘पैसे घालतो’ म्हणाला एवढ्यावर भागत नाही, रक्कम ताळेबंदात उतरलेली दिसावी लागते.

थकबाकी: सर्वात जास्त घोळ इथे

तारखा दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. २८ फेब्रुवारीपर्यंत जी देणी द्यायची होती, त्यांतलं काहीही ३१ मार्चला थकलेलं नसावं. यात दुसऱ्या क्लबांचे ट्रान्स्फरचे (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे) पैसे, कर्मचाऱ्यांचे पगार, कर आणि सामाजिक विमा हे सगळं येतं.

ट्रान्स्फरचा तक्ता भरताना प्रत्येक खेळाडूची ओळ स्वतंत्र लिहायची: किती हप्ते, कुठल्या तारखेला, किती दिले, किती बाकी. खेळाडूने ठरावीक सामने खेळले तर द्यायची वाढीव रक्कमही त्याच ओळीत येते. सॉलिडॅरिटीची रक्कम तर हमखास विसरली जाते. १२ ते २३ या वयात खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना ट्रान्स्फरच्या रकमेतून ५ टक्के वाटायचे असतात. देणाऱ्याला ती रक्कम किरकोळ वाटते, पण एखादा छोटा क्लब तिच्यावर वर्षभर मुलांना शिकवतो. ती थकवली तर लायसन्स अडतं, आणि ते योग्यच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्या क्लबने पैसे मागितले नाहीत म्हणजे मुदत वाढली असं होत नाही, नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. फोनवर ‘जूनमध्ये दिले तरी चालतील’ असं बोलणं झालं असेल तर त्याला शून्य किंमत आहे. मुदतवाढ लेखी हवी आणि त्यावर पैसे घेणाऱ्याची संमती हवी. हा कागद फेब्रुवारीतच करून घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सही द्यायला समोरचा मोकळा असेलच असं नाही.

मालकी आणि १ मार्च

एकाच माणसाचा किंवा गटाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब युएफाच्या एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत. हा नियम लायसन्सपेक्षा वेगळा, स्पर्धाप्रवेशाचा आहे, त्यामुळे लायसन्स हातात असलेला क्लबही यात सापडतो. २०२५ मध्ये ही तपासणी १ मार्चच्या स्थितीवर झाली.

त्याच १ मार्चला इंग्लंडचा क्रिस्टल पॅलेस आपल्या मैदानावर मिलवॉलशी एफए कपच्या पाचव्या फेरीचा सामना खेळत होता. १७ मे रोजी त्यांनी मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून कप आणि त्यासोबत युरोपा लीगची जागा जिंकली, क्लबच्या इतिहासातला पहिला मोठा चषक. पण जॉन टेक्स्टर यांचा पॅलेस आणि फ्रान्समधला लियोन या दोन्ही क्लबांत वाटा होता. जूनमध्ये त्यांनी पॅलेसमधला वाटा विकायचं ठरवलं, तोवर तारीख उलटून गेली होती. लियोनचं लीगमधलं स्थान वरचं, म्हणून युरोपा लीगची जागा त्यांच्याकडे राहिली आणि पॅलेसला कॉन्फरन्स लीगमध्ये पाठवलं. लोझानच्या क्रीडा लवादानेही ऑगस्टमध्ये अपील फेटाळलं.

आयर्लंडच्या ड्रॉहेडा युनायटेडचं तर त्याहून वाईट झालं. डेन्मार्कच्या सिल्केबोर्गशी मालक एकच, दोघेही कॉन्फरन्स लीगमध्ये, आणि त्याखाली स्पर्धाच नाही. ते सरळ बाहेर पडले.

कप कोण जिंकणार हे माहीत नसताना मालकीची फेररचना करून ठेवा, अशी अपेक्षा बाळगणारी ही तारीख मला अन्यायाची वाटते. पण ती आहे. दोन क्लबांत वाटा असलेला मालक असेल तर फेब्रुवारीतच वकील गाठा.

तोटा आणि संघखर्च: पळवाटा कुठे बंद झाल्या

तोट्याची मर्यादा ३ वर्षांत मिळून ५० लाख युरो. मालकाने कर्ज न देता भांडवल घातलं तर ती ६ कोटींपर्यंत जाते, आणि आर्थिक प्रकृती भक्कम असलेल्या क्लबला वर्षामागे आणखी १ कोटीपर्यंत सूट मिळू शकते. युवा संघ, महिला संघ आणि सामाजिक काम यांवरचा खर्च यात धरत नाहीत, म्हणून तो हिशेबात वेगळा काढून दाखवा.

दुसरी मर्यादा संघखर्चाची. खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक यांचे पगार, ट्रान्स्फरच्या रकमेचा वर्षाला येणारा वाटा आणि एजंटांचं मानधन मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत हवा. २०२३ साली ही मर्यादा ९० टक्के होती, २०२४ साली ८०. ती कॅलेंडर वर्षावर मोजली जाते, तर बहुतेक क्लबांचे हिशेब जूनमध्ये बंद होतात. मर्यादेत आहोत असं समजणारा क्लब इथे चुकतो.

लांबलचक करारांची वाट आता बंद आहे. ८ कोटींचा खेळाडू ८ वर्षांच्या करारावर घेतला की वर्षाला १ कोटी दिसत. जुलै २०२३ पासून रक्कम जास्तीत जास्त ५ वर्षांवरच पसरता येते, म्हणजे वर्षाला १ कोटी ६० लाख. खेळाडूंची अदलाबदल करून दोन्ही क्लबांनी कागदी नफा दाखवण्याचा प्रकारही युएफा मान्य करत नाही.

आणि घरच्या लीगने मंजूर केलं म्हणून युएफा मंजूर करेल असं धरून चालू नका. चेल्सीने दोन हॉटेलं आपल्याच मालकसमूहातल्या कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली, पुढे महिला संघही समूहातच विकला. प्रीमियर लीगच्या हिशेबात हॉटेलांचा नफा चालला. युएफाने तसे व्यवहार धरले नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये क्लबला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला: २ कोटी तोट्याबद्दल, उरलेला संघखर्चाबद्दल.

अकादमीत वाढलेल्या खेळाडूची हिशेबात किंमत शून्य असते, त्यामुळे तो विकला की सगळी रक्कम नफा. ही वाट अजून उघडी आहे, आणि नियमाचा हाच भाग मला सर्वात जास्त खुपतो. लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला मुलगा विकणं हिशेबाला सर्वात सोयीचं ठरतं.

विकायचंच असेल तर निदान तारीख पाहा. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सनला १ सप्टेंबर २०२३ रोजी ४ कोटी ७५ लाख पौंडांना विकलं. हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपलं होतं. उशिरा विकून चांगली किंमत मिळाली हा त्यांचा युक्तिवाद प्रीमियर लीगच्या आयोगाने मानला नाही आणि लीगची तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल ४ गुण कापले.

अर्ज दिल्यानंतर

निर्णयाआधीच्या ७ दिवसांत क्लबने लेखी कळवायचं असतं की कागद दिल्यापासून आर्थिक स्थितीत मोठा बदल झाला आहे की नाही. बदल नसला तरी पत्र द्यावंच लागतं. लायसन्स नाकारलं तर आपल्याच संघटनेच्या अपील समितीकडे जाता येतं, पण अपिलाची मुदत लहान असते, म्हणून निकालपत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

मंजूर झालं तरी फाईल बंद करू नका. १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि १५ जानेवारीला थकबाकी पुन्हा तपासली जाते, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी रक्कम सापडली तर प्रकरण जास्त गंभीर धरतात.