कॅनबेरा: रुंद पंखांच्या बॉम्बफेकी विमानाची गोष्ट

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं गोव्यातल्या दाबोळी विमानतळाकडे निघाली. विमानं भारतीय हवाई दलाच्या ३५ व्या स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची होती आणि नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे होतं. हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या विमानासाठी अर्ध्या तासाचंही काम नाही. काही मिनिटांत त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. पाठोपाठ १६ व्या स्क्वाड्रनची आठ कॅनबेरा आली. धावपट्टीवर खड्डे पडले, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लागला नाही, कारण हुकूमच तसा होता. गोवा मुक्तीच्या इतिहासात ही हकिकत एखाद्या वाक्यात उरकली जाते आणि विमानाबद्दल तर कुणी बोलतच नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत हुशार आराखड्यांपैकी तो एक आहे, आणि त्याची हुशारी बरीचशी पंखात आहे.

इंग्लिश इलेक्ट्रिक या ब्रिटिश कंपनीत डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी हे विमान आखलं. १३ मे १९४९ रोजी रोलंड बीमाँट यांनी ते पहिल्यांदा उडवलं. तो काळ मागे झुकलेल्या पंखांचा होता. अमेरिकेचं बी-४७ हे बॉम्बफेकी विमान तसे पंख घेऊन १९४७ मध्येच उडालं होतं. पेटर यांनी मात्र आखूड, रुंद आणि जवळजवळ सरळ पंख निवडला. अनेकांना तो जुनाट वाटला असणार. पण त्यामागचं गणित पक्कं होतं.

पंधरा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे त्याच वेगानं जाणाऱ्या त्याच पंखाला वर उचलणारं बलही तेवढंच घटतं. ते भरून काढायचे मार्ग तीन: वेग वाढवा, नाक आणखी वर करा, नाहीतर पंख मोठा घ्या. वेगाला ध्वनीच्या वेगाची मर्यादा आहे, आणि तिथल्या उणे ५६ अंश थंडीत ध्वनीच ताशी १०६० किलोमीटरच्या आसपास धावतो. शिवाय पंखाच्या वरच्या अंगावरून जाणारी हवा विमानापेक्षा जास्त वेगानं जाते. त्यामुळे विमान ध्वनीच्या वेगाला पोचण्याआधीच पंखावर आघात तरंग, म्हणजे हवेचा दाब एकाएकी वाढवणाऱ्या लाटा, उठतात आणि विमान थरथरू लागतं. नाक वर करायलाही सीमा आहे. कोन फार वाढला की हवा पंखावरून सुटते आणि विमान कोसळू लागतं. उंची वाढत जाते तसे सर्वांत कमी सुरक्षित वेग आणि सर्वांत जास्त सुरक्षित वेग एकमेकांजवळ येतात. शेवटी वैमानिकाच्या हाती अगदी चिंचोळी पट्टी उरते.

मोठा पंख ही पट्टी रुंद करतो. कॅनबेराच्या पंखाचं क्षेत्रफळ ८९ चौरस मीटर होतं. सुरुवातीच्या विमानाचं भरलेलं वजन सुमारे २१ टन धरलं, तर पंखाच्या दर चौरस मीटरवर अडीचशे किलोहूनही कमी भार येतो. बी-४७ मध्ये हाच भार दुपटीहून कितीतरी जास्त होता. भार कमी म्हणजे पंखाच्या प्रत्येक तुकड्याला काम कमी. मग वरून जाणाऱ्या हवेला फार वेग घ्यावा लागत नाही आणि आघात तरंगही उशिरा उठतात. झुकलेल्या पंखानं जे साधायचं, म्हणजे आघात तरंग लांबवणं, त्यातलं बरंचसं पेटर यांनी क्षेत्रफळ वाढवून मिळवलं. पंखातच बसवलेली रोल्स-रॉइस एव्हन इंजिनं दणकट होती आणि हे विमान सहज पंधरा किलोमीटरच्या आसपास चढायचं. त्या उंचीवर त्या काळातल्या लढाऊ विमानांना त्याच्याइतकं आखूड वळण घेणं जमत नसे. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाप्रमाणे याच्याही शेपटीत किंवा पाठीवर बचावासाठी तोफा ठेवल्या नव्हत्या. वेगळ्या जातीची इंजिनं बसवलेल्या एका चाचणीच्या कॅनबेरानं १९५३ मध्ये १९,४०६ मीटर उंचीचा जागतिक विक्रम केला. १९५७ मध्ये जोडीला रॉकेट लावून दुसऱ्या एका कॅनबेरानं २१ किलोमीटरच्या वर मजल मारली.

भारतीय हवाई दलानं १९५७ मध्ये घ्यायला सुरुवात केलेल्या बॉम्बफेकी जातीत वैमानिक डाव्या बाजूला सरकलेल्या, लढाऊ विमानासारख्या काचेच्या घुमटाखाली बसायचा. नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आखणारा साथीदार, त्याच्या खाली, विमानाच्या पोटात. बॉम्ब टाकायची वेळ आली की तो नाकात पुढे सरकून पालथा झोपायचा आणि निशाणयंत्रातून खाली बघायचा. सुटलेला बॉम्ब सरळ खाली पडत नाही, विमानाचा वेग घेऊन पुढे जातो. तीन किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला २०० मीटर वेगानं जाताना सोडलेल्या बॉम्बला जमिनीवर यायला सुमारे २५ सेकंद लागतात. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर तेवढ्यात तो जवळजवळ पाच किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे लक्ष्य पायाखाली येण्याच्या कितीतरी आधी निर्णय घ्यावा लागतो, आणि वेगाच्या अंदाजातली जराशी चूकही खाली मोठी होते. धावपट्टी फोडायची आणि शेजारची इमारत वाचवायची, हे काम किती अवघड असेल याचा अंदाज यावरून येतो.

याच नॅव्हिगेटरला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसासकट विमानाबाहेर फेकली जाणारी खुर्ची, नव्हती. वैमानिकाला होती, पण पोटात बसणाऱ्या त्याच्या साथीदाराला संकटात बाजूच्या दारातून उडी मारावी लागे. कमी उंचीवर तेवढा वेळ मिळणार कसा? आराखड्यातला हा दोष मला कधीच क्षम्य वाटलेला नाही.

आणि कमी उंचीवर जाणं तर भागच पडलं. जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रं आल्यावर उंचीचं संरक्षण संपलं. रडारच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. पंधरा किलोमीटर उंचीवरचं विमान जमिनीवरच्या रडारला सुमारे ५०० किलोमीटरवरून दिसू शकतं, तर शंभर मीटर उंचीवरचं चाळीसेक किलोमीटरच्या आत आल्यावरच. म्हणून कॅनबेरा खाली उतरलं, आणि तिथे त्याचा मोठा पंखच त्रासाचा ठरला. उघडलेली छत्री वाऱ्यात जशी ओढली जाते, तसं कमी भाराचं विमान जमिनीलगतच्या झोतांत वरखाली फेकलं जातं. आतली माणसं हैराण होतात आणि वारंवार वाकून पंखाचा धातूही थकतो.

अमेरिकेनं हा आराखडा परवान्यावर घेतला आणि मार्टिन कंपनीनं त्याचं बी-५७ केलं. तेच पुढे पाकिस्तानला मिळालं. त्यामुळे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रात्री दोन्हीकडून मुळात एकाच आराखड्याची विमानं एकमेकांच्या हवाई तळांवर जात होती.

छायाचित्रं घेणाऱ्या भारतीय कॅनबेरांनी सर्वांत जास्त वर्षं काढली. मे १९९९ मध्ये कारगिलवर टेहळणी करताना त्यातल्या एकाच्या इंजिनाला खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र लागलं. वैमानिकानं ते उरलेल्या एका इंजिनावर सुखरूप उतरवलं. मे २००७ मध्ये आग्र्याला या विमानांना निरोप देण्यात आला. अमेरिकेत मात्र नासानं टोकापासून टोकापर्यंत ३७ मीटर भरणारे पंख लावलेली याच कुळातली विमानं उंचावरच्या संशोधनासाठी ठेवली. २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राच्या सावलीमागे धावत अशा दोन विमानांनी सूर्याच्या प्रभामंडळाचं (कोरोनाचं) सात मिनिटांहून जास्त काळ चित्रण केलं. जमिनीवरून ते जेमतेम दोन मिनिटं चाळीस सेकंद दिसत होतं.