ईमेल अटॅचमेंट

ईमेलच्या मजकुरासोबत जोडून पाठवलेली फाइल म्हणजे अटॅचमेंट. कार्यालयीन पत्रव्यवहारात अहवाल, करारनामे, बिले, छायाचित्रे अशीच फिरतात. व्हायरस पसरण्याची ती एक जुनी आणि आजही चालू असलेली वाट आहे, आणि अटॅचमेंट पाठवण्याच्या शिष्टाचाराचा बराचसा भाग या धोक्यातून व फाइलींच्या आकारातून घडला आहे.

सुरुवातीच्या ईमेलमध्ये फाइल जोडण्याची सोयच नव्हती. १९८२ मध्ये ठरलेला एसएमटीपी हा मेल पोचवण्याचा नियमसंच सात बिटांची आस्की अक्षरे, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे तेवढी वाहून नेई. फाइल पाठवायची तर यूयूएनकोडसारख्या साधनाने तिची अक्षरे करून मजकुरात टाकावी लागत. घेणारा ती पुन्हा उलगडून घेई. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ या मानकामुळे हा खटाटोप मेल प्रोग्रॅमकडे गेला. फाइल अक्षरांत बदलण्याचे काम मात्र संपले नाही. माइमच्या बेस-६४ या रूपांतराच्या पद्धतीत दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. सर्व्हर एका मेलला २५ एमबी जागा देत असेल, तर मूळ फाइल जेमतेम १८ एमबीची चालते.

फाइल नुसती इनबॉक्समध्ये येऊन पडल्याने सहसा काही बिघडत नाही; ती उघडल्यावर तिच्यातला प्रोग्रॅम चालू होतो. वर्डच्या दस्तऐवजात मॅक्रो म्हणून असा प्रोग्रॅम दडवता येतो. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेला ‘मेलिसा’ हा व्हायरस याच जातीचा होता. आउटलुकच्या पत्तायादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर तो स्वतःला पाठवून देई. ४ मे २०००चा ‘आय लव्ह यू’ त्याहून पुढे गेला. त्याची फाइल खरे तर व्हीबीएस स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्रॅम होती, पण विंडोज ओळखीची एक्स्टेंशन (फाइलीच्या नावातला प्रकार सांगणारा शेवटचा भाग) लपवत असल्याने ती साधी मजकुराची फाइल वाटे. त्याचा कर्ता फिलिपिन्समधला होता. तिथे तेव्हा असा गुन्हा ठरवणारा कायदा नसल्याने त्याच्यावर खटला उभा राहिला नाही.

या दोन्ही वेळी मेल ओळखीच्या माणसाकडून आला होता, म्हणूनच तो उघडला गेला. ‘अनोळखी व्यक्तीची अटॅचमेंट उघडू नका’ हा सल्ला त्यामुळे अपुरा आहे. पुढे ‘क्लेझ’ या व्हायरसने पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा घालायला सुरुवात केली. परिणामी सर्व्हरवरचे अँटीव्हायरस ज्यांचा काही संबंध नाही अशांनाच ‘तुम्ही व्हायरस पाठवला’ असे कळवू लागले. हे इशारेच एक उपद्रव होऊन बसले. ‘इमोटेट’ हा व्हायरस तर चोरलेल्या जुन्या मेलला उत्तर म्हणून येई, त्यामुळे विषय आणि संदर्भ दोन्ही खरे दिसत. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. त्याच मेलला उत्तर देऊन विचारले, तर ते भामट्याच्याच हाती पडू शकते.

पासवर्ड घातलेली झिप फाइल सुरक्षित समजली जाते, पण स्कॅनरला तिच्या आत पाहता येत नाही. शिवाय पासवर्ड लगेचच्या मेलमध्ये धाडला, तर कुलपाबरोबर किल्लीही दिल्यासारखेच आहे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यानंतर हल्लेखोर आयएसओ (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या) आणि वननोट (मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या) फाइलींकडे वळले.

शिष्टाचाराची बाजू त्यामानाने साधी आहे. १९९५च्या ‘आरएफसी १८५५’ या मार्गदर्शिकेत ५० किलोबाइटांपेक्षा मोठी फाइल पाठवू नये असा ढोबळ नियम होता. आकडा कालबाह्य झाला, त्यामागचे कारण मात्र झाले नाही: एक एमबीची फाइल हजार जणांना गेली की सगळ्यांच्या पेट्यांत मिळून एक जीबी जागा जाते. मोठ्या फाइलीची लिंक द्यावी. काय जोडले आहे ते मजकुरात लिहावे. नुसते ‘सोबत जोडले आहे, पाहावे’ एवढ्यावर व्हायरसचा मेलही भागवतो. ‘फायनल_नवीन_२’ हे फाइलीचे नाव पाठवणाऱ्यालाही आठवडाभराने कळत नाही. केवळ वाचायचा मजकूर पीडीएफ करून द्यावा, कारण वर्डच्या फाइलीत लेखकाचे नाव आणि खोडलेल्या दुरुस्त्याही राहून जातात.

व्हायरसचे इशारे सर्वांना फॉरवर्ड करण्याची सवयही टाळावी. १९९४ मध्ये ‘गुड टाइम्स’ नावाच्या व्हायरसचा इशारा इंटरनेटभर फिरला. तसा व्हायरस नव्हताच; पसरला तो इशारा.