माळरानाच्या वनस्पती: 'पडीक' या नोंदीपासून तापत्या हवेपर्यंत

पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कमी पावसाच्या माळरानांवर आज जे संकट आहे, त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: माळ म्हणजे माणसाने तोडून उजाड केलेले जंगल. प्रत्यक्षात विरळ हिवर, बोर, खैर आणि त्यांच्यामधून पसरलेली कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते मिळून एक स्वतंत्र परिसंस्था होते, जिला शास्त्रज्ञ सवाना म्हणतात. कडक उन्हात जोमाने वाढणारी गवते भारतीय उपखंडात सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वीच पसरली, असे शिवालिक टेकड्यांमधील पुरावे सांगतात. नांगर आणि कुऱ्हाड फार नंतरची. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातही निम्म्याहून अधिक जाती माळाच्याच निघाल्या.

ही समजूत सरकारी दप्तरात शिरली ती इंग्रजांच्या काळात. 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की झाली. इमारती लाकूड हेच मोल मोजण्याचे माप असल्याने, आणि महसूल खात्याला सारा पिकाखालच्या जमिनीतून मिळत असल्याने, गवताळ जमीन दोन्ही खात्यांच्या लेखी कमअस्सल ठरली. स्वातंत्र्यानंतरही वर्गीकरण बदलले नाही. 1968 च्या वनप्रकारांच्या सुधारित सूचीत यांतील बराच भाग 'काटेरी वना'त गणला गेला, तर 1985 मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन करून दरवर्षी 50 लाख हेक्टरांवर सरपण आणि चाऱ्यासाठी लागवड करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. धनगरांच्या मेंढरांना पिढ्यान्‌पिढ्या जगवणारी जमीन कागदावर मात्र पडीकच राहिली.

पुढे दोन बाजूंनी घाला पडला. उजनीसारख्या धरणांचे पाणी पोहोचले तिथे माळ फोडून ऊस लागला. जिथे पाणी पोहोचले नाही, तिथे पाणी अडवण्यासाठी उतारावर सलग समतल चर (समान उंचीवरून जाणारे लांब खड्डे) खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. 2016 ते 2019 या काळात राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे वार्षिक लक्ष्य 2 कोटींवरून 33 कोटींवर गेले. हेतू चांगला होता, हे मान्य करूनही म्हणावे लागते की गवताळ माळावर दाट झाडी लावणे हे त्या माळाचे नुकसानच आहे, कारण तेथील बहुतेक वनस्पतींना भरपूर ऊन लागते आणि सावलीखाली त्या टिकत नाहीत.

नुकसान चटकन दिसत नाही, कारण माळाची संपत्ती मोठ्या प्रमाणात जमिनीखाली असते. कंदीलपुष्प या कंदिलाच्या आकाराची फुले येणाऱ्या वनस्पतीच्या अनेक जाती वर्षाचा बराच काळ केवळ कंदरूपाने असतात आणि पावसाळ्यात थोडे दिवस वर येतात. 2022 मधील एका आढाव्यात भारतीय सवानांतील 206 प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्या भूभागाबाहेर कुठेही न आढळणाऱ्या, वनस्पतींची नोंद झाली, आणि त्यांपैकी 43 टक्के जाती आधीच्या दोन दशकांतच शास्त्राला प्रथम माहीत झाल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तळेगाव दाभाड्याजवळच्या गवताळ उतारांवरून 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' ही जात 2024 मध्ये उजेडात आणली. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि वणव्यानंतर, उन्हाळ्यात, जमिनीतल्या खोडापासून पुन्हा फुटून दुसऱ्यांदा फुलते. अशा जातींना आग आणि चराई यांची अधूनमधून येणारी पाळी मानवते, पण नांगराचा फाळ किंवा चर खणणारे यंत्र नव्हे.

हवामानबदलाने या जुन्या दुखण्यात भर टाकली आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याचा लाभ उष्ण प्रदेशातील गवतांपेक्षा झाडाझुडपांना अधिक होतो, कारण या गवतांच्या प्रकाशसंश्लेषणाची रीत कमी कार्बन डायऑक्साइडमध्येही कार्यक्षम असते. म्हणून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतील सवानांमध्ये झुडपे दाटत चालल्याची नोंद आहे. त्यात बदलता पाऊस आहेच. उरलेले माळ तुकड्यातुकड्यांत विभागले गेल्याने वनस्पतींना सोयीच्या जागी सरकायलाही वाट उरत नाही. देशातील निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा, म्हणजे माळांसारख्या कमी पावसाच्या मोकळ्या प्रदेशांचा, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला नकाशा त्यांचे क्षेत्र 3 लाख चौरस किलोमीटरांहून अधिक दाखवतो, पण त्यातील जेमतेम 5 टक्के भाग संरक्षित आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य यांमुळे काही माळ वाचले, मात्र ते राखले गेले माळढोक आणि चिंकारा यांच्यासाठी. तिथल्या गवतांना आणि कंदांना संरक्षण लाभले ते ओघाने.