इरिडियम प्लग आला तो पिकअपसाठी नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजांत हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो, "इरिडियम टाकला तर पिकअप वाढंल का हो?" विचारणारा बहुधा पंचविशीतला, गाडीवर जीव असलेला. त्याचे वडील असं काही विचारत नसत. त्यांच्या काळात प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, ही काढून घासायची वस्तू होती.

१९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. मराठवाड्यातल्या दारोदारी तेव्हा स्कूटर होती ती टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल. ते जळून प्लगवर काजळी बसायची, आणि पेट्रोलात कुणी रॉकेल मारलं असेल तर विचारायलाच नको. म्हणून डिकीत प्लगपाना आणि एखादा जुना प्लग असायचाच. गाडी मिसिंग करू लागली की कडेला लावायची, प्लग काढायचा, काचपेपर मारायचा, फुंकर घालायची आणि किक. गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती टोकाजवळची फट, मापायला फिलर गेज कुणाकडे होता? करवतीच्या पात्याचा तुकडा सरकवून अंदाज घ्यायचा.

प्लगच्या टोकाला इरिडियम, प्लॅटिनमसारख्या महाग धातूंची गरज पडली ती धुरामुळे. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलमधलं शिसं त्याला चालत नाही, म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. प्लगची ठिणगी वारंवार चुकली तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. तेव्हा प्लगची गॅप वर्षानुवर्षं तितकीच राहणं कंपन्यांना गरजेचं झालं. शिवाय नव्या इंजिनात प्लग त्याला वीज देणाऱ्या कॉइलखाली इतका खोल दडलेला असतो, की तो सारखा काढणं परवडत नाही.

आपण ज्याला 'कॉपर प्लग' म्हणतो, त्यात तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं. टोक निकेल मिश्रधातूचं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. त्यामुळे इरिडियमचं टोक अगदी बारीक ठेवता येतं. साध्या प्लगचं टोक साधारण अडीच मिलिमीटरचं, तर डेन्सोच्या एका इरिडियम प्लगचं ०.४ मिलिमीटर. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते आणि टोक झिजतंही हळू. निकेलचा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलायचा, इरिडियम लाखाच्या आसपास जातो.

ताकद मात्र कुठे वाढली? चांगल्या स्थितीतल्या इंजिनात जवळपास नाहीच. "पिकअप वाढला" म्हणणाऱ्याचा जुना प्लग बहुतेक वेळा मेलेला असतो. नवा निकेलचा टाकला असता तरी तेच वाटलं असतं. सीएनजी किटवाल्या गाडीत ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, जादा हवा कोंबणाऱ्या टर्बो इंजिनात दाब मोठा; तिथे इरिडियमचे पैसे वसूल होतात. कंपनीनेच इरिडियम दिलेला असेल तर स्वस्ताच्या मागे लागू नये. साध्या जुन्या कारमध्ये मात्र निकेलचा वेळेवर बदललेला प्लग पुष्कळ झाला.

आणि ऊन बेचाळीसवर गेलं म्हणून 'थंड', म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग टाकायचा, हेही खूळच. प्लगची हीट रेंज इंजिन ठरवतं, मे महिना नाही.

जुनी सवय मात्र काही सुटत नाही. परवा एका गॅरेजात पोऱ्याने इरिडियम प्लग काढला आणि सवयीने त्यावर तारेचा ब्रश फिरवायला घेतला. मिस्त्रींनी तो हातातून ओढून घेतला. "अरे, टोक तुटंल! याला घासायचं नसतं!" पोऱ्या म्हणाला, "मग साफ कसा करायचा?"

"नाही करायचा. बदलायचा."