डॉल्बीमागची गोष्ट: हाऊस, टेक्नो, ट्रान्स ही नावं आली कुठनं

कोल्हापुरात कुणालाही विचारा, इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक ऐकतोस का, तर म्हणणार छे ओ, आपण कुठलं तसलं ऐकतोय, आणि हाच गडी राजारामपुरीच्या आगमन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर तीन तास हात वर करून उभा असतो. वरचे शब्द मराठी असले तरी खाली जे चाललेलं असतं, म्हणजे एकसारखा पडणारा ड्रमचा जाड ठोका (किक), मधेच सगळं थांबणं, सुर्र करत वर चढत जाणारा आवाज आणि मग धाडकन सगळं एकदम सुरू, ते शिकागो, लंडन असं फिरत फिरत आपल्या दारात आलंय. माझा भाचा बारावीला आहे, त्यानं परवा विचारलं, "मामा, एवढी नावं कशाला ठेवल्यात, सगळं एकसारखंच वाजतंय की ओ." त्याला सांगत बसलो ते लई लांबलं, म्हणून इथं लिहून काढतोय.

नावांचं काय एवढं नाही. जयपूर, किराणा, ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याला कळतं की गायकीला गावाचं नाव लागलंय (अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात, इथं कोल्हापुरात, तरी घराणं जयपूरचंच). इथंही तसंच, फक्त गावाच्या जोडीला कधी क्लबचं नाव लागतं तर कधी मशीनच्या आवाजाचं.

सुरुवात डिस्कोपासनं धरायची. अमेरिकेत काळ्या, लॅटिन आणि गे लोकांच्या क्लबात वाढलेलं हे संगीत सत्तरच्या दशकात एवढं चाललं की रॉकवाल्यांचं डोकं फिरलं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर एका रेडिओवाल्यानं ऑफर ठेवली, डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये बेसबॉलची मॅच बघा. दोन मॅचच्या मधे त्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोट करून उडवला, मग हजारो लोक मैदानात घुसले, एवढी नासधूस झाली की दुसरी मॅच खेळताच आली नाही. पण त्याच शिकागोत वेअरहाऊस नावाच्या क्लबात १९७७ पासनं फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्या रेकॉर्डी वाजवत होता, पुढं त्या कापून-जोडून आणि नंतर वर ड्रम मशीन (ठोके वाजवणारं यंत्र) लावून. रेकॉर्डच्या दुकानात पोरं 'वेअरहाऊसमध्ये वाजतंय ते' मागायला लागली आणि त्या नावातलं शेवटचं 'हाऊस' तेवढं उरलं.

आता मशीनची गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते. जपानच्या रोलंड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचा डबा काढला, एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. आवाज काही केल्या बेस गिटारसारखा येईना, वापरायला किचकट, १९८४ ला बंदच केला. सेकंडहँड बाजारात मातीमोल भावानं मिळायला लागला आणि शिकागोच्या फ्युचर नावाच्या ग्रुपमधल्या पोरांनी, डीजे पिअर त्यातलाच, तो चालू ठेवून नुसती बटणं पिळत बसायचं ठरवलं. त्यातनं जो चिरकणारा, ओला, वळवळणारा आवाज निघाला तो १९८७ ला 'अॅसिड ट्रॅक्स' म्हणून रेकॉर्डवर आला. अॅसिड हाऊस ते हेच. म्हणजे कंपनीनं जे काढलं ते फसलं आणि फसलेल्यातनं नवीन घराणं निघालं.

टेक्नो डेट्रॉइटचं, गाड्यांच्या कारखान्यांचं गाव. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, बेलव्हिल या उपनगरातले शाळेतले दोस्त. रेडिओवर जर्मनीच्या क्राफ्टवर्कची गाणी ऐकून यांनी आपलं काहीतरी सुरू केलं, आणि १९८८ ला ब्रिटनमध्ये त्यांच्या गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा टेक्नो हे नाव पक्कं झालं. फरक कानाला लगेच कळतो, हाऊसमध्ये माणूस गातोय, पियानो आहे, जरा लाडात चाललंय असं वाटतं, टेक्नोत माणूस गायब आणि मशीन एकटं.

ब्रिटनमध्ये मात्र अजून एक धागा मिसळला आणि तो कोल्हापूरकराला सांगायची गरजच नाही. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकात लोक रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या करायचे, याची भिंत मोठी का त्याची अशी चुरस लागायची, त्याला ते साऊंड सिस्टिमच म्हणायचे. आपल्या दोन तालमींची मंडळं समोरासमोर आल्यावर जे होतं तेच. पुढं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीनं गाण्यातला गायक काढून फक्त ड्रम, बेस आणि घुमणारा एको ठेवायला सुरुवात केली, ते डब. ही माणसं, ही सवय लंडनला गेली, त्यातनं नव्वदच्या सुरुवातीला 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे पळत्या ठोक्यांचे प्रकार निघाले, आणि २००० नंतर दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातनं डबस्टेप. ड्रम अँड बेसमधला निम्मा माल तर १९६९ च्या एका गाण्यातल्या सहा-सात सेकंदांच्या ड्रमवर उभा आहे, तोच तुकडा कापून, पळवून, उलटसुलट करून.

आवाजावरनं भांडणं पण आली. १९९४ च्या ब्रिटिश कायद्यात रेव्ह पार्ट्या (उघड्यावर रात्रभर चालणारा नाच) बंद करायच्या होत्या म्हणून म्युझिकची व्याख्याच घातली, एकामागून एक येणारे तेच तेच ठोके, अशी. आपल्याकडं २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, त्यामुळं दरवर्षी गणपतीच्या तोंडावर डॉल्बी लावायची का नाही यावर बैठका. गंमत म्हणजे डॉल्बी कंपनी रे डॉल्बीनं १९६५ ला लंडनमध्ये काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण कुठं नेऊन लावलं बघा.

ट्रान्स तर शेजारचंच. युरोपात ते जर्मनीच्या फ्रँकफर्टकडं वाढलं, पण गोवा ट्रान्स म्हणून जे जगभर गेलं ते आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढं, हणजुण-वागातोरच्या किनाऱ्यावर. साठच्या दशकाच्या शेवटापासनं हिप्पी तिथं येत होते, आधी रॉक वाजायचं, ऐंशीच्या दशकात मशीनचं संगीत आलं. उन्हात रेकॉर्डी वाकड्या व्हायच्या म्हणून डीजे कॅसेट आणि पुढं डॅट टेप (डिजिटल कॅसेट) वापरायचे, त्यावर एका गाण्याचा ठोका दुसऱ्याला जुळवता येत नाही, म्हणून गाणी हळूहळू सुरू होणारी, लांबच लांब. पुढं इस्रायली पोरं लष्करातली नोकरी संपवून गोव्यात यायची, ती हे घरी घेऊन गेली आणि त्यातनं सायट्रान्स हा ट्रान्सचाच प्रकार वाढला. २००७ ला कांदोळीत सनबर्न हा म्युझिक फेस्टिव्हल सुरू झाला तोवर किनाऱ्यावरच्या या प्रकाराला वीसेक वर्षं झाली होती, आणि आम्ही मात्र इथं मोबाईल शॉपीत वीस-तीस रुपयांत दोन जीबीचं कार्ड रिमिक्सनी भरून घेत होतो, ज्यात दर अर्ध्या मिनिटाला डीजेचं नाव ओरडायचं.

नवीन ऐकणाऱ्यानं मिनिटाला किती ठोके एवढं जरी मोजलं तरी पुष्कळ कळतं. हाऊस साधारण १२० ते १३०, टेक्नो त्याच्या जरा वर, सायट्रान्स १४० च्या पुढं, ड्रम अँड बेस १७० च्या आसपास. डबस्टेप १४० चं, पण चाल निम्मी म्हणजे ७० ची वाटते, म्हणून त्यात नाचताना माणूस गोंधळतो. माझं मत, हाऊसपासनं सुरू करावं, डबस्टेपपासनं सुरू केलेली पोरं सहा महिन्यांत कंटाळतात.

भाच्याला शेवटी चरणजित सिंग ऐकवले. मुंबईतले हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक, त्यांनी १९८२ ला तोच टीबी-३०३, रोलंडचंच टीआर-८०८ ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) घेऊन भैरव, तोडी, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली, शिकागोच्या पोरांच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० ला परदेशात पुन्हा छापली तेव्हा लोक थक्क झाले आणि सत्तरी गाठलेले चरणजित सिंग युरोपात स्टेजवर वाजवायला गेले. पोरानं भैरव पूर्ण ऐकला, हेडफोन काढला आणि म्हणाला, "मामा, ह्यो तर आपला बेंजोवालाच की."