लाव्हाचं झाकण : किलाउएआपासून देसूरपर्यंत

हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीतून 23 डिसेंबर 2024 पासून थांबून थांबून लाव्हाची कारंजी उडू लागली. त्यांचे व्हिडिओ बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आले आणि पाठोपाठ दोन प्रश्नही आले. एक, आपल्या बेळगावजवळचा येळ्ळूरगड किल्ला हाही विझलेला ज्वालामुखीच ना? दोन, मुलांकडे अमेरिकेला जाणारच आहोत, तर गाइड न घेता आपले आपण चालत ज्वालामुखी बघता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे : येईल. हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क 1916 पासून आहे आणि तिथल्या पायवाटा नीट आखलेल्या आहेत. एकच वाट चालायची असेल तर किलाउएआ इकीची, म्हणजे मुख्य विवराशेजारच्या छोट्या विवराची, निवडा. अंतर सव्वापाच किलोमीटर, उतार-चढ सुमारे 120 मीटर, म्हणजे सावकाश गेलात तरी अर्धा दिवस पुरे. जागा बेळगावपेक्षाही उंचावर, बाराशे मीटरच्या आसपास आहे. पाऊस कधीही येतो, तेव्हा रेनकोट घ्या. दमा असेल तर वारा कुठून वाहतोय ते आधी बघा, कारण ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू फुफ्फुसांना सोसत नाही. बंद वाटांची यादी पार्कच्या संकेतस्थळावर असते, ती त्याच सकाळी तपासायची. विवराच्या तळाशी रस्ता दाखवायला दगड रचून खुणा केलेल्या असतात. त्यांत आपली भर घालू नका, मागचा माणूस चुकेल.

पण त्या तळावर उभं राहिल्यावर पायाखाली काय आहे हे ठाऊक नसेल, तर तो नुसता काळा मैदानी पट्टा वाटेल. 1959 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे लाव्हा उसळला. कारंजं 580 मीटरपर्यंत गेलं आणि विवरात शंभर मीटरहून खोल तळं साचलं. पृष्ठभाग लगेच कडक झाला, आतला रस मात्र कित्येक वर्षं पातळ राहिला. शास्त्रज्ञ त्या कवचावर यंत्रं नेऊन भोकं पाडत आणि खाली वितळलेला खडक कुठे लागतो ते मोजत. तळं पूर्ण घट्ट व्हायला 1990 च्या दशकाचा मध्य उजाडला.

इतका वेळ का? खडक उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. आतली उष्णता बाहेर पडायची तर कवचातूनच. कवच जितकं जाड, तितकी उष्णता हळू निसटते आणि तितकंच कवच हळू वाढतं. शिवाय रसाचे स्फटिक होताना आणखी उष्णता सुटते, तीही याच वाटेने जाणार. म्हणून कवचाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीला चौपट वेळ. किलाउएआवरच्या वाहत्या लाव्हावर मोजमापं करून 1994 मध्ये याचं सूत्र मांडलं गेलं : मीटरमधल्या जाडीचा वर्ग गुणिले 165, उत्तर तासांत. एक मीटर कवचाला आठवडाभर, दोन मीटरला जवळजवळ महिना, पाच मीटरला पावणेसहा महिने, दहा मीटरला दोन वर्षांना थोडं कमी. किलाउएआ इकीच्या तळ्याला हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही, कारण पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरून वाफ होतं आणि उष्णता भराभर पळवतं. तिथल्या वाफा म्हणजे हेच.

आता माझा लाडका भाग. गुळगुळीत, दोरखंडी लाव्हा (तिकडे त्याला पाहोएहोए म्हणतात) पसरताना सुरुवातीला वीतभरच जाड असतो. वर कवच धरतं, खालून रस येतच राहतो आणि ज्वारीची भाकरी फुगावी तसं सगळं कवच वर उचललं जातं. वीतभराचा थर कित्येक मीटर जाड होतो. या झाकणाखाली रस गरम राहतो, म्हणून तो लांबवर जाऊ शकतो. रसातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि खाली-खाली वाढत जाणाऱ्या कवचात अडकतात. थराचा वरचा भाग छिद्रांचा आणि मधला भाग घट्ट राहतो तो यामुळे. म्हणजे छिद्रांच्या भागाची जाडी मोजली, 165 चं गणित केलं, की तो थर किती दिवस फुगत होता याचा अंदाज येतो.

हे बघायला हवाईला जायची गरज नाही. आपला दख्खनचा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, असाच थरांवर थर रचून झालेला आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञांनी त्याच्या वरच्या भागातल्या थरांचे रासायनिक घडणीवरून गट पाडले आणि त्यांना गावांची नावं दिली : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, आणि सगळ्यांत वर देसूर. होय, खानापूर रस्त्यावरचं आपलंच देसूर! जगभरच्या शोधनिबंधांत हे नाव असतं आणि गावाच्या वेशीवर त्याची साधी पाटी नाही.

आणि येळ्ळूरगड? तो ज्वालामुखी नव्हे. दख्खनचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरांतून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून आला आणि दूरवर पसरला. आपले सपाट माथ्याचे डोंगर म्हणजे त्या पठाराची झीज होऊन उरलेले तुकडे. माथ्यावर खळगा दिसला की त्याला 'ज्वालामुखीचं तोंड' म्हणणाऱ्यांनी जरा आजूबाजूच्या डोंगरांची उंची बघावी. बरेच माथे साधारण एकाच उंचीवर येतात. 'लाव्हा स्टोन'ची ब्रेसलेटं ऊर्जा देतात म्हणून विकली जातात, त्याबद्दल एवढंच की तो खडक आपल्याकडे खडी म्हणून ट्रकने मिळतो. हवाईतही याची दुसरी बाजू आहे : दगड उचलला तर ज्वालामुखीची देवी पेले कोपते असं पर्यटक मानतात आणि घाबरून दगड टपालाने परत पाठवतात. पार्कातून दगड उचलायला कायद्याने बंदी आहे, एवढं कारण पुरेसं होतं.

खडक ओळखायच्या सरावासाठी बेळगावहून पश्चिमेला चंदगडकडे जा. घाटमाथ्यावर वर तांबडा जांभा आणि खाली काळा बसाल्ट दिसेल. जांभा म्हणजे त्याच बसाल्टातून पावसाने सिलिका धुऊन नेल्यावर उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. चालू खाणीत परवानगीशिवाय शिरू नका आणि बंद खाणीतल्या पाण्यात उतरू नका. दुसऱ्या दिवशी उलट दिशेला गोकाकच्या धबधब्याला जा. 52 मीटरचा तो कडा बसाल्टचा नाही, लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे. दख्खनच्या लाव्हाची कड याच भागात येते. एप्रिलमध्ये गेलात तर धबधब्याची धार जेमतेम असेल, पण कड्यातले वाळूचे थर मोजता येतील इतके उघडे असतात.